विश्लेषण : संकट टळले नाही, तरी आधार कसा वाटतो? मराठी ख्रिस्ती श्रद्धेत ‘देवाचा स्वभाव’ इतका महत्त्वाचा का?

नोकरी जाते, आजार बरा होत नाही, घरातले माणूस अचानक निघून जाते. अशा वेळी श्रद्धाळू माणूस देवाकडे काही मागतो आणि अनेकदा मागितलेले मिळत नाही. मग श्रद्धेचे काय होते? ख्रिस्ती परंपरेचे यावरचे उत्तर असे, की आधार ‘देव काय देतो’ यावर नव्हे तर ‘देव कसा आहे’ यावर उभा असतो. हे ऐकायला सोपे वाटले, तरी पंडिता रमाबाई आणि टिळक दाम्पत्य यांच्या आयुष्यात त्याची कठोर परीक्षा झाली. त्यांनी ते मराठीत कसे मांडले, याविषयी…

‘देवाचा स्वभाव’ म्हणजे नेमके काय?

बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात देव मोशेला स्वतःची ओळख करून देतो. त्यात सामर्थ्याची यादी नाही. आपण कनवाळू आहोत, चटकन रागावत नाही, प्रेमात आणि सच्चेपणात कमी पडत नाही, असे तो सांगतो. दोषाकडे काणाडोळा करत नाही, हेही त्यातच येते. इथे प्रेमासाठी आलेला मूळ हिब्रू शब्द आहे ‘हेसेद’. त्याचा अर्थ केवळ माया असा नाही, तर दिलेला शब्द न मोडणारी माया असा आहे. प्रार्थनेच्या शेवटी म्हटला जाणारा ‘आमेन’ हा शब्दही पक्के, भरवशाचे असा अर्थ असलेल्या हिब्रू धातूपासून आला आहे. म्हणजे ‘आमेन’ म्हणणारा माणूस मागणी पूर्ण झाल्याची पावती देत नसतो. ज्याच्याकडे मागितले तो भरवशाचा आहे, असे तो म्हणत असतो.

सुरक्षितता म्हणजे संकटातून सुटका नव्हे?

‘स्तोत्रसंहिता’ या पुस्तकातील २३वे स्तोत्र जगभर आजारपणात आणि अंत्यविधीत म्हटले जाते. त्यात देव मेंढपाळ आहे. माळरानावर धनगराचा कळप पाहिलेल्या कुणालाही ही प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही. या स्तोत्रात अंधारी दरी टळत नाही, तिच्यातूनच जावे लागते. पण एक बदल होतो. सुरुवातीला देवाविषयी ‘तो’ असे बोलणारा माणूस दरीत शिरल्यावर त्याला थेट ‘तू’ म्हणू लागतो. धोका तेवढाच राहतो, जवळीक मात्र वाढते.

अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे, तर तुळईवर कधीच भार येणार नाही, असे गृहीत धरून कुणी इमारत बांधत नाही. भार येणारच असतो. भरवसा ठेवला जातो तो तुळईच्या साहित्याच्या गुणधर्मांवर. ख्रिस्ती श्रद्धेतील सुरक्षिततेची कल्पना याच्या जवळ जाते.

पंडिता रमाबाईंना हा आधार कुठे सापडला?

१८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे लहानपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रांत गेले. दुष्काळात उपासमारीने आईवडील गेले, थोरली बहीणही गेली. पुढे १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचा मृत्यू झाला. चोविशीच्या आत जवळपास सगळी माणसे गमावलेल्या रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

तिथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांमध्ये ख्रिस्ती भगिनी करत असलेले काम त्यांनी पाहिले. या स्त्रियांना इतक्या मायेने का वागवता, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. ही गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे. परक्या समाजातील, पाच लग्ने झालेल्या बाईकडे येशू विहिरीवर पाणी मागतो आणि तिच्याशी बरोबरीने बोलतो. त्याच वर्षी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

पण विषय तिथे संपला नाही. धर्म स्वीकारला तरी ख्रिस्ताची खरी ओळख आपल्याला सुमारे आठ वर्षांनी झाली, असे त्यांनी पुढे स्वतःच नोंदवले. नियम आणि मतप्रणाली पटणे वेगळे आणि देव आपल्याशी कसा वागतो याची खात्री पटणे वेगळे, हा फरक त्यांनी अनुभवला होता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ मुली, विधवा यांना केडगावला घेऊन आल्या. त्यातून ‘मुक्ती’ची मोठी वसाहत उभी राहिली. दुष्काळाने घर उद्ध्वस्त केलेली बाई दुष्काळातल्या मुलींसाठी घर उभारत होती.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून साध्या मराठीत बायबल आणण्याचे रमाबाईंचे काम अखेरपर्यंत चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला ‘आई’ का म्हटले?

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. पाश्चात्त्य वळणाची उपासना मराठी माणसाच्या मनात उतरणार नाही, असे त्यांना वाटे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या गीतांत म्हणूनच ख्रिस्त आई होतो, गुरू होतो, आणि ओवी-अभंगाच्या चालीत गायला जातो.

ही केवळ स्थानिक रंगसफेदी नव्हती. हिब्रूत ‘करुणा’ आणि ‘गर्भाशय’ या अर्थांचे शब्द एकाच धातूपासून येतात. आई एखादे वेळी बाळाला विसरेल, पण देव विसरणार नाही, असा आशय ‘यशया’च्या ४९व्या अध्यायात आहे. विठ्ठलाला ‘माउली’ म्हणणाऱ्या भाषेने बायबलमधली ही बाजू सहज ओळखली. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून ही वाट तयार होत होती.

लक्ष्मीबाईंची बाजू काय होती?

एकाला मिळालेला आधार दुसऱ्याला केवढ्याला पडू शकतो, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये दिसते. टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांचा संसार मोडला. पुढची काही वर्षे त्या मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. नंतर त्या पतीकडे परतल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडवला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपूर्ण राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या श्रद्धेने एकेकाळी त्यांचे घर हिरावले, तिच्याविषयी त्या इतक्या मोकळेपणाने आणि विनोदाने लिहू शकल्या, कारण तोवर ती श्रद्धा उसनी राहिलेली नव्हती.

मग हा दिलासा खोटा तर नाही?

हा आक्षेप जुना आहे. धर्म म्हणजे दुःखावरची गुंगी, अशी टीका झाली आणि काही ठिकाणी ती लागूही पडते. ‘देवाचीच इच्छा’ म्हणून अन्याय सोसायला सांगणे किंवा औषधोपचार टाळणे हा आधार नव्हे. विशेष म्हणजे बायबल स्वतः अशा दिलाशावर कठोर आहे. ‘ईयोब’ या पुस्तकात सर्वस्व गमावलेल्या माणसाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसतात. मग ते कारणमीमांसा सुरू करतात: तुझेच काहीतरी चुकले असेल. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.

स्तोत्रसंहितेतही विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. वधस्तंभावरचा येशू २२व्या स्तोत्राच्या शब्दांत, आपल्याला का टाकून दिले, असे देवालाच विचारतो. ज्याच्या स्वभावाची खात्री असते, त्याच्याशीच माणूस असे भांडू शकतो. अनोळखी माणसाकडे कुणी ‘का सोडलेस?’ अशी तक्रार करत नाही.

आजच्या शहरात याचा अर्थ काय?

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर वसत गेलेल्या नवी मुंबईत बहुतेक कुटुंबे बाहेरून आलेली. इथल्या ख्रिस्ती समाजात मराठी, कोकणी, मल्याळम, तमिळ असे अनेक भाषक आहेत. गाव, नातलग, जुना शेजार मागे सुटलेल्या माणसांना सुरक्षितता म्हणजे पगार, घराचा हप्ता आणि विमा एवढीच उरते. त्या आवश्यक आहेतच. पण खारघरच्या कर्करोग केंद्राबाहेर बसलेल्या कुठल्याही धर्माच्या नातेवाइकाला ठाऊक असते, की तेवढ्याने रात्र सरत नाही.

ख्रिस्ती श्रद्धा अशा वेळी हमी देत नाही. सोबत असलेला देव पाठ फिरवणारा नाही, एवढेच ती सांगते. आणि हे सांगण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग केडगावने दाखवला आहे. रमाबाईंनी आणलेल्या भुकेल्या मुलींना देव कसा आहे, हे प्रवचनातून कळण्याआधी पुढ्यात आलेल्या जेवणातून कळले असणार. आजही कुणी डबा घेऊन रुग्णालयात जातो, उपदेश न करता शेजारी बसतो, तेव्हा तो हेच काम पुढे नेत असतो.