मराठी आणि तेलुगु : एक शेजार

परळच्या कापडगिरण्यांत मराठी कामगारांच्या शेजारीं तेलुगु विणकरही साच्यांवर राबत. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. शेजाऱ्याच्या बोलीवरचा जुना शेरा मात्र अद्याप ऐकूं येतो, कीं ती म्हणजे डब्यांत खडे घालून वाजविणें! भाषाशास्त्राचा निवाडा निराळा आहे.

मराठीचें कूळ संस्कृतचें, तेलुगूचें द्राविड. हें कूळ स्वतंत्र असल्याचें मद्रासचे इंग्रज अधिकारी एलिस यांनीं १८१६ सालीं दाखविलें. अंकच पाहा ना. आमचे 'दोन, तीन' लॅटिनच्या 'दुओ, त्रेस' यांचे नातलग. तेलुगूचे 'रेंडु, मूडु' कानडीच्या 'एरडु, मूरु' यांचे.

आतां गंमत अशी. ऐकणाऱ्यास धरून बोलतांना मराठी माणूस 'आपण' म्हणतो, त्यास वगळून 'आम्ही'. तेलुगूंत याच भेदासाठीं 'मनमु' आणि 'मेमु' आहेत. प्रमाण हिंदी मराठीची बहीण खरी, पण ती एका 'हम'वर भागविते. 'चाक' या शब्दांतील दंत्य च हिंदीला नाहीं. तेलुगूच्या 'चालु', म्हणजे 'पुरे', या शब्दांत तो आहे. हा वारसा रक्ताचा नव्हे, शेजाराचा, असें अनेक पंडित मानतात.

अर्थात् प्रत्येक साम्य शेजारानेंच येतें असें नाहीं. नायजेरियांतील योरुबा आणि भूतानची जोंगखा या दोन्ही भाषांत स्वराची उंची बदलतांच शब्दाचा अर्थ पालटतो. त्यांची ना सोयरीक, ना शेजार.

लिंगविचारांत मात्र आमच्या दोघी शेजारणी आपापल्या माहेरच्याच राहिल्या. मराठींत तो, ती, तें. तेलुगूंत 'अदि' हें एकच सर्वनाम स्त्रीलाही चालतें आणि वस्तूलाही. स्त्रीविषयीं आदरानें बोलावयाचें तर शब्द वेगळा.