चढावरचा डायनॅमो

आमच्या अब्बांकडे एक सायकल होती. काळी, उंच, मागे लोखंडी कॅरिअर असलेली. तिच्या चाकाशी बाटलीच्या आकाराचा डायनॅमो बसवलेला होता. बाजारच्या दिवशी परत यायला अंधार व्हायचा. मी कॅरिअरवर बसलेला असे. अब्बा वाकून डायनॅमोची कळ दाबत, त्याचं डोकं टायरला टेके, गुर्र असा आवाज सुरू होई आणि समोर रस्त्यावर पिवळा उजेड पडे. चढ आला की मात्र ते डायनॅमो बाजूला सारत आणि अंधारातच पायडल मारत. मी विचारायचो, "अब्बा, बत्ती का घालवली?" ते दम टाकत म्हणायचे, "बेटा, ही बत्ती माझ्या पायातून जळते."

हे वाक्य नीट कळायला मला चाळीस वर्षं लागली. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. शास्त्राशी माझं नातं दहावीलाच संपलं होतं. ते पुन्हा जोडून दिलं माझ्या भाच्यानं.

आमचं डोंगरकडा नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. केळी, हळद आणि ऊस पिकवणारा हा मुलूख. इथं पाणी विहिरीत किंवा बोअरमध्ये असलं तरी ते वर आणायला वीज लागते, आणि शेताची वीज ठरावीक तासच येते. पुष्कळदा ती रात्री येते. दाब कमी असला की मोटार जळते. म्हणून आमच्या भागात मोटार वाइंडिंगचं दुकान किराणा दुकानाइतकंच गरजेचं. बारावीनंतर भाचा अशाच एका दुकानात बसू लागला. रात्री विंचूकाट्यात मोटार चालू करायला जाणारे बाप-चुलते त्यानं पाहिले होते. त्याच्या मनानं घेतलं की घरीच जनित्र करायचं आणि त्यावर पंप चालवायचा.

जनित्राचं तत्त्व साधं आहे. तांब्याच्या तारेचं वेटोळं घ्या आणि त्याच्याजवळून चुंबक हलवा. चुंबक हलत असेतोवर तारेत विजेचा दाब निर्माण होतो. चुंबक थांबला की तोही थांबतो. चुंबक नुसता जवळ असून भागत नाही, बदल व्हावा लागतो. १८३१ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी हे शोधून काढलं. हा माणूस पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारी करून वर आलेला, शाळा फारशी न शिकलेला. तेव्हा इनॅमलची तार बाजारात मिळत नव्हती. त्यांनी तारेच्या वेढ्यांमध्ये सुती कापड आणि दोरा घालून ते वेगळे ठेवले. हे मी दुकानातल्या काकांना सांगितलं, तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे भाई, ते आमच्याच धंद्यातले!"

भाच्यानं प्लायवूडची एक गोल तबकडी कापली. जुन्या स्पीकरांतले बारा काळे चुंबक तिच्यावर कडेनं बसवले. एकाचा उत्तर ध्रुव वर, तर शेजारच्याचा दक्षिण. समोर दुसऱ्या तबकडीवर बारा कॉइल. तार त्यानं जळालेल्या मोटारीतून काढली होती. काकांनी पहिल्यांदा तीच फेकायला लावली. जळक्या तारेचं इनॅमल गेलेलं असतं, वेढा वेढ्याला चिकटतो आणि वीज आतल्या आत फिरत राहते. मग नवी तार आली. सायकल स्टँडवर चढवून मागच्या चाकावरून पट्टा घेतला. भाच्यानं जोरात पायडल मारलं. मीटर शून्यावर!

पोरगं रडकुंडीला आलं. काकांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "अरे, तू एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडलास. शेवटाला शेवट जोड, सुरुवातीला सुरुवात." कारण असं की, एका कॉइलसमोर उत्तर ध्रुव असतो तेव्हा शेजारच्या कॉइलसमोर दक्षिण असतो. दोघींतला दाब उलटसुलट. त्या एकाच दिशेनं जोडल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. एकाआड एक कॉइलची टोकं बदलली आणि मीटरवर आकडे पळू लागले.

पुढचे दोन महिने त्यांचा हाच उद्योग चालला होता. वेढे दुप्पट केले की व्होल्ट दुप्पट होतात. वेग दुप्पट केला तरी तेच. पण कॉइलला जागा तेवढीच असते. दुप्पट वेढे बसवायचे तर तार निम्म्या छेदाची घ्यावी लागते, लांबी दुप्पट होते आणि तारेचा विरोध चौपट. व्होल्ट वाढतात, पण जास्त वीज ओढायला गेलं की कॉइलच तापते. चुंबक आणि कॉइल यांच्यातली फट कमी केली की मोठा फरक पडतो. चुंबकांच्या पाठीमागे लोखंडी तबकडी दिली तर चुंबकत्व इकडेतिकडे वाया जात नाही. दोन्ही बाजूंनी चुंबकांच्या तबकड्या आणि मध्ये कॉइल, ही मांडणी सगळ्यांत चांगली ठरली. स्कॉटलंडच्या ह्यू पिगट यांनी घरगुती पवनचक्क्यांसाठी अशीच मांडणी जगभर पोचवली आहे. स्पीकरच्या चुंबकांऐवजी निओडायमियमचे चुंबक घेतले, तेव्हा तर ताकद कितीतरी वाढली. हे चुंबक १९८० च्या दशकात जपान आणि अमेरिकेत तयार झाले. दोन चुंबकांत बोट सापडलं तर चेंगरतं, हे भाच्याला अनुभवानं कळलं.

एके दिवशी मीटरवर १८ व्होल्ट दिसले. पायडल एका बोटानं फिरत होतं. भाचा धावत घरी आला. "मामू, आता याच विजेवर मोटार लावतो. मोटार जनित्र फिरवेल, जनित्र मोटार फिरवेल. पायडलच नको!"

नेमकं त्याच आठवड्यात बाहेरगावचा एक माणूस आला. इंधनाशिवाय चालणारं जनित्र विकत होता. एक बॅटरी, एक मोटार, चुंबकांचं एक झाकलेलं चाक आणि त्यावर पेटलेले चार दिवे. चुंबकात अखंड शक्ती असते, एकदा घ्या आणि जन्मभर पंप चालवा, असं तो सांगे. आगाऊ रक्कम मागत होता. आमच्या आपानं, म्हणजे भाच्याच्या आईनं, हळदीचे पैसे ट्रंकेतून काढून ठेवले होते. मुलगा म्हणतो तर खरंच असेल, असं तिला वाटत होतं.

त्या संध्याकाळी मला अब्बांची सायकल आठवली. भाच्याला म्हटलं, "तुझ्या जनित्राला गाडीचा एक दिवा जोड आणि मग पायडल मार." दिवा जोडला. व्होल्ट १८ वरून ९ वर आले आणि पायडल एकदम जड झालं. दिवा काढला, पायडल हलकं. जोडला, जड. त्यानं दहा वेळा करून पाहिलं. मग तो गप्प बसला.

यामागचा नियम हाइनरिख लेंझ यांनी १८३४ साली सांगितला. कॉइलमधून वीज वाहू लागली की कॉइल स्वतःच चुंबक बनते आणि समोरच्या चुंबकाला अडवू लागते. चुंबक जवळ येत असेल तर ढकलते, दूर जात असेल तर ओढून धरते. जितकी वीज घ्याल तितका अडसर. हा अडसर हटवणारी मांडणी नाही, कारण अडसराविरुद्ध केलेले कष्टच विजेच्या रूपानं बाहेर पडतात. नुसते व्होल्ट दिसले म्हणजे वीज मिळाली असं नव्हे. चुंबक म्हणजे मोटेचा नाडा. पाणी बैल ओढतात, नाडा नव्हे.

मोटार आणि जनित्राच्या फेऱ्याचा हिशोबही आम्ही केला. मोटार शंभरातले ऐंशी परत देते असं धरू, जनित्रही ऐंशी. मग एका फेरीत शंभराचे ६४ उरतात, दुसऱ्या फेरीत ४१. थोड्याच फेऱ्यांत खेळ खलास.

या मोहात शिकलेले लोकही सापडले आहेत. अमेरिकेत जोसेफ न्यूमन यांनी प्रचंड कॉइल आणि मोठा चुंबक यांचं यंत्र केलं आणि घातली त्यापेक्षा जास्त वीज मिळते असं सांगितलं. तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेनं १९८६ साली ते तपासलं. प्रत्येक वेळी घातलेली वीजच जास्त भरली. आपल्याकडे कैगा अणुवीज प्रकल्पावर मोठ्या पदावर काम केलेले परमहंस तिवारी यांनीही असा दावा केला होता. विज्ञानजगतानं तो मान्य केला नाही. तेव्हा आमच्या पोराला मूर्ख कसं म्हणावं?

दुसऱ्या दिवशी भाचाच त्या माणसासमोर उभा राहिला. "साहेब, बॅटरी काढा, दिवे चालू ठेवा आणि संध्याकाळपर्यंत फिरू द्या. फिरलं तर पैसे आत्ता देतो." त्या माणसानं बॅटरी सुरुवातीला लागतेच, काढली तर यंत्र बिघडतं, अशी कारणं दिली आणि दुपारच्या गाडीनं तो गेला. आपाचे पैसे ट्रंकेत परत गेले. आमच्या ओळखीच्या एकानं मात्र आदल्या दिवशीच आगाऊ रक्कम दिली होती. ती गेली ती गेलीच.

भाच्याचं जनित्र निकामी ठरलं का? नाही. सवयीनं पायडल मारणारा धडधाकट माणूस ७५ वॅट ताकद तासभर देऊ शकतो. त्यात एलईडीचे दोन-तीन दिवे आणि मोबाइल सहज निघतात. पण ५ हॉर्सपॉवरचा पंप म्हणजे सुमारे ३७३० वॅट. तो चालवायला पन्नास माणसं पायडलवर बसवावी लागतील, आणि वाटेतली गळती धरली तर त्याहून जास्त. पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाचं वीजघर २२.५ मेगावॅटचं आहे. तिथंही चुंबक आणि कॉइलच आहेत, पण त्यांना फिरवायला उंचावरून पडणारी नदी लागते. कुठं वारा ढकलतो, कुठं वाफ. म्हणून कुणी नवं जनित्र दाखवलं की एकच प्रश्न विचारावा: याला ढकलतं कोण?

भाचा आता स्वतः मोटारी भरतो. दुकानाच्या कोपऱ्यात ते लाकडी जनित्र अजून आहे. शाळेची मुलं आली की तो त्यांना सायकलवर बसवतो, आधी दिवा न जोडता पायडल मारायला लावतो आणि मग हळूच दिवा जोडतो. मुलांचा पाय अडखळतो. तेव्हा तो त्यांना आपल्या नानांच्या सायकलची गोष्ट सांगतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)