संग्रहालयातून नक्षी कशी आणायची?

आजचं बोलणं वहीबद्दल आहे, पण हिशेबाच्या नाही. नक्षीच्या वहीबद्दल.

आपल्या पेण, रोहा, नागोठणे भागातले गट प्रदर्शनाला जातात तेव्हा टेबलावर काय मांडतात? कापडी पिशव्या, गोधड्या, तोरणं, रुखवताच्या वस्तू, पोह्या-पापडाची पाकिटं. शेजारच्या टेबलावरही तेच. बारा पिशव्यांवर एकच मोर, कारण बारा जणींनी मोबाईलवर तोच मोर बघितलेला. गिऱ्हाईक दोन्हीकडे हात लावतं आणि जिथे दहा रुपये कमी तिथून घेतं. वस्तू सारखी झाली की भांडण फक्त किमतीचं उरतं. किमतीच्या भांडणात कारखान्याच्या मालापुढे आपल्या हाताचा टिकाव लागत नाही. म्हणून आम्ही कासू भागातल्या गटांनी ठरवलं, की वर्षातून एक-दोन दिवस फक्त बघण्यासाठी काढायचे. संग्रहालय, चित्रांची गॅलरी, कलेची जत्रा, जे जमेल ते.

घरून पहिला प्रश्न येतो तो ठरलेला. जुनी भांडी बघायला एवढ्या लांब कशाला? प्रश्न रास्त आहे, गाडीभाडं जातं, दिवसाचा रोज बुडतो. त्याला आमचं उत्तर असं. संग्रहालय ही मुळात नुसती हौसेची जागा नव्हती. लंडनमध्ये 1851 साली जगभरच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यानंतर तिथल्या कारागिरांनी चांगल्या वस्तू बघाव्यात आणि आपल्या हातचं काम सुधारावं म्हणून साउथ केन्सिंग्टनला संग्रहालय काढलं. 1857 पासून ते गॅसच्या दिव्यांवर संध्याकाळीही उघडं राहायचं, दिवसा कामावर जाणाऱ्यांना येता यावं म्हणून. मुंबईत त्याच विचाराने भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं संग्रहालय 1872 साली लोकांसाठी उघडलं. डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यासाठी खटपट केली, आणि 1975 पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचंच नाव आहे. म्हणजे हाताने वस्तू करणाऱ्यांसाठीच या जागा निघाल्या. तिथल्या चकचकीत फरशीवर पाय ठेवताना बुजायचं काही कारण नाही.

या भायखळ्याच्या संग्रहालयात वेगवेगळे धंदे करणाऱ्या, वेगवेगळे पेहराव केलेल्या माणसांच्या मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत. आमच्यातल्या काही जणी हमरापूरकडच्या गणपती कारखान्यांत रंगकामाला जातात. त्या तिथून हलायलाच तयार नव्हत्या. धोतराची चुणी रंगवताना गडद रंग कुठे थांबवला आहे, पदराचा काठ वळणावर कसा बारीक होत गेला आहे, हे त्या एकमेकींना दाखवत होत्या. आम्ही बाकीच्या दोन मिनिटांत पुढे गेलो असतो. ज्याचा हात ज्या कामात बसलेला, त्याचा डोळा तिथेच थांबतो. म्हणून रांगेने सगळ्या दालनांतून फिरू नये. आपलं काम काय आहे ते धरून दोन-तीन दालनं निवडावीत आणि तिथे तास-दीड तास काढावा.

सोबत गणिताची चौकटीची वही आणि पेन्सिल घ्यायची. शाईचं पेन बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. "आम्हाला चित्र येत नाही" असं म्हणणाऱ्या सगळ्याच असतात. पण ठिपक्यांची रांगोळी येत नाही अशी एकही बाई आम्हाला अजून भेटलेली नाही. मग तेच करायचं. वहीत आधी ठिपके द्यायचे, आणि समोरचं फूल किंवा वेल त्या ठिपक्यांत बसवायची. हाताने काढताना लक्षात येतं की पाकळ्या पाच नाहीत, सहा आहेत, आणि एक फूल सरळ तर पुढचं उलटं आहे. फोटोत हे दिसत असतं, पण आपण बघत नाही. फोटो काढायचा असला तरी आधी परवानगी विचारावी आणि फ्लॅश टाळावा. उजेडाने कापडाचा रंग उतरतो, म्हणून तर कापडाच्या दालनात मुद्दाम मंद दिवे ठेवतात. आजी जरीचं लुगडं उन्हात वाळवू द्यायची नाही, तेच कारण.

आता बघायचं काय? आमच्या मते नक्षीपेक्षा नक्षीची बांधणी बघायची. पैठणीचा असावलीचा काठ घ्या. फूल आणि वेल. फूल उतरवून घेतलं तर आपल्याकडे एक फूल येतं, बस. पण ते फूल किती अंतराने परत येतं, दोन फुलांमध्ये मोकळी जागा किती, काठात एकूण रंग किती, हे मोजून आणलं तर त्या मापात आपलं काहीही बसवता येतं. भाताची लोंबी बसवा, नाहीतर खाडीतली कोळंबी. रंग मोजल्यावर नेहमी आश्चर्य वाटतं. जुन्या सुंदर कापडांत पुष्कळदा तीन-चारच रंग निघतात. आपण मात्र दोऱ्याच्या दुकानात जाऊन अकरा रंग घेऊन येतो, पैसेही जास्त आणि पिशवीही भडक.

आणि कोपरा बघायचा. शिवणारीला हे सांगायला नको, सगळी अडचण कोपऱ्यात असते. सरळ काठ कोणीही करेल. गालिचात, जुन्या चित्राच्या हाशियात, दाराच्या कोरीव चौकटीत काठ कोपऱ्याशी आला की कारागिराने काय केलं? कुणी तिथे वेगळा चौकोन घालून त्यात एक मोठं फूल ठेवतं. कुणी दोन्ही काठ तिरके कापून जुळवतं. कुणी वेलीलाच वळवून नेतं. हे तीनही उपाय गोधडीला जसेच्या तसे लागू पडतात. आमच्या वहीत कोपऱ्यांचीच चार पानं आहेत. गोधडीचा कोपरा नेटका झाला की गिऱ्हाईक ती उलटसुलट करून बघतं आणि किमतीत घासाघीस थोडी कमी करतं, हा आमचा टेबलावरचा अनुभव.

पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. पेणहून खोपोलीमार्गे एसटीने जाता येतं. बायकांच्या गटाला एकच जागा बघायची असेल तर आम्ही हीच सांगू. दिनकर गंगाधर केळकर यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता करत. गावोगाव फिरून त्यांनी घरातल्या वापरातल्या वस्तू जमवल्या, पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि 1962 साली तो सरकारच्या स्वाधीन केला. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत, त्यातला थोडाच भाग एका वेळी मांडलेला असतो. आणि वस्तू कसल्या? दिवे, फण्या, पानाचे डबे, कुलपं, पाय घासायच्या वज्र्या. आपल्याच माजघरातल्या.

तिथले अडकित्ते नीट बघा. कुणी पोपटाचा केला आहे, कुणी घोड्याचा. मौज अशी की पोपट वरून चिकटवलेला नाही. अडकित्त्याला दोन दांडे आणि एक खिळा लागतोच, त्या खिळ्याभोवतीच पोपटाचं अंग बसवलं आहे. सुपारी कातरण्याच्या कामात कुठेही अडथळा नाही. पिशवीवर नक्षी करताना आम्ही आता हेच विचारतो. पिशवीला बंद लागतोच, मग बंदालाच वेलीचा देठ करता येईल का? पोह्याच्या पाकिटाला आत काय आहे ते दिसायला खिडकी लागतेच, मग ती खिडकी कणगीच्या आकाराची कापली तर? असं केलं की नक्षीचा वेगळा खर्च येत नाही.

मुंबईला जायचं तर कासू स्टेशनवरून पनवेल, तिथून लोकलने सीएसएमटी. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तिथून चालण्याच्या अंतरावर आहे, ते 1922 पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे घारापुरीहून आणलेल्या दगडी मूर्ती आहेत. घारापुरी आपल्याच रायगड जिल्ह्यातली, उरण तालुक्यातली. मूर्तीच्या मुकुटाकडे, कमरपट्ट्याकडे, माळांकडे बघा, काठपट्टीच्या नक्षीचा खजिना आहे. जवळच जहांगीर आर्ट गॅलरी, 1952 सालची, तिला तिकीट नाही. फेब्रुवारीत त्याच परिसरात काळा घोडा महोत्सव भरतो, त्यालाही तिकीट नाही. निघण्याआधी सुट्टीचा वार आणि तिकीट विचारून घ्यावं. या वस्तुसंग्रहालयाची एक फिरती बसही आहे, शाळांत आणि गावांत वस्तू घेऊन जाणारी. शाळेच्या बाईंना सांगून तिच्यासाठी पत्र लिहायला काय हरकत आहे?

आता काय आणायचं नाही, ते. वारली चित्रं आपल्या सगळ्यांना आवडतात. लग्नाचा चौक भिंतीवर काढणं हे वारली समाजात सवाष्णींचं काम. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगाला दाखवली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण वारली नाही, आपण पिशवीवर ती माणसं छापून 'वारली' म्हणून विकायची नाहीत. गोल, त्रिकोण आणि चौकोन एवढ्यावर आख्खं गाव कसं उभं राहतं, हे मात्र जरूर शिकायचं. गॅलरीतल्या चित्रकाराचं चित्र तर मुळीच उतरवायचं नाही. आपल्या कायद्याप्रमाणे त्याचा हक्क तो असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो.

हे नियम परक्यांच्या भल्याचे वाटतील, पण आपल्याच आहेत. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची नदीकाठची वस्ती आहे. तिथल्या काळ्या कष्टकरी बायका पिढ्यानपिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. 1966 साली त्या भागातल्या बायकांनी गोधड्या विकण्यासाठी सहकारी संस्थाही काढली. 2002 साली त्यांच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, 2006 साली टपालाच्या तिकिटांवर आल्या. त्यांची नक्षी घेऊन इतरांनी वस्तू काढल्या. आम्हाला आमचा वाटा मिळाला नाही, अशी तक्रार घेऊन 2007 साली त्यांच्यातल्या काही जणी कोर्टात गेल्या आणि पुढच्या वर्षी ते प्रकरण मिटलं. घोंगडीत निजलेल्या पोराच्या अंगावरची गोधडी भिंतीवर जाऊ शकते, आणि तिची नक्षी दुसऱ्याच्या खिशातही. म्हणून आम्ही प्रत्येक नवा नमुना झाला की त्याचा फोटो, तारीख आणि करणारीचं नाव वहीत लिहितो. केळकर संग्रहालयातल्या त्या पोपटाच्या अडकित्त्याच्या लोहाराचं नाव कुणाला ठाऊक आहे?

महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात जाताना वेगळं बघायचं. तिथे वस्तूपेक्षा गिऱ्हाईक बघा. हात आधी कशाला लागतो, काय उचलून परत ठेवलं जातं, कुठल्या टेबलापुढे रांग आहे. दुसऱ्या गटाच्या ताईला गर्दीच्या वेळी "हे कसं केलं" विचारू नये. एखादी वस्तू विकत घ्यावी आणि दुपारी निवांत बोलावं.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत बैठक घ्यायची, नाहीतर वही कपाटात जाते. प्रत्येकीने आपलं एकच पान दाखवायचं. त्यातून तीनच नमुने करायचे, जास्त नाही. नमुन्याला लागलेलं कापड, दोरा आणि तास लिहायचे. ज्या नमुन्याला दीड दिवस लागतो तो कितीही देखणा असला तरी भिंतीवर लावायचा, विकायला नाही.

आणि प्रवासखर्च जमेपर्यंत थांबायलाही नको. आपल्या माळ्यावर इरलं असेल, त्याच्या कामट्यांची वीण बघा. रोवळी, सूप, आजीच्या लुगड्याचा काठ, घिरटाचा खुंटा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक जुनी वस्तू, चौकटीची वही आणि पेन्सिल घेऊन यायचं. वस्तू घासूनपुसून आणू नका, जशी आहे तशीच आणा.