रुळांवरून बोल्देरायाकडे

रेल्वेच्या स्लिपरांवरून चालताना पाऊल आपल्या मर्जीने पडत नाही. एका पावलाला एका स्लिपरचं अंतर कमी, दोन स्लिपरांचं जास्त. चुकलं की पायाखालची खडी सरकते. थोड्या वेळाने सोबतच्यांची चाल जुळते, बोलणं कमी होतं. 1980 मध्ये हार्दिस लेदिन्श आणि युरिस बोइको हे मित्र लाटवियात असेच रुळांवरून निघाले, रीगा शहराच्या टोकाला, दाउगावा नदीच्या मुखाजवळ असलेल्या बोल्देराया उपनगराकडे. पुढे काही वर्षं ही पदयात्रा होत राहिली, दर वेळी वेगळ्या महिन्यात. वाट तीच, पण ऋतू निराळा. कधी रुळांवर बर्फ, कधी उन्हाळ्यातला लांबलेला उजेड. मित्रही सोबत येऊ लागले.

तिकीट नाही, रंगमंच नाही, प्रेक्षक नाहीत. चालणं हीच कलाकृती.

सोव्हिएत काळातल्या सरकारमान्य कलेत अशा प्रयोगांना जागा नव्हती. त्यामुळे मित्रमंडळी हाच रसिकवर्ग आणि तीच कलाकारमंडळी. लेदिन्श शिक्षणाने वास्तुविशारद, शिवाय रीगातल्या डिस्कोंचा सूत्रधार. 1982 मध्ये त्याने आणि बोइकोने ‘कधीच न अनुभवलेल्या संवेदनांच्या पुनरुज्जीवनाची कार्यशाळा’ सुरू केली. तिथे संगीत, कविता, व्हिडिओ, वास्तुकला यांची सरमिसळ होई आणि गाणी घरच्या घरी कॅसेटवर ध्वनिमुद्रित होत. कोणी काय केलं याची वाटणी फारशी नसे, नाव कार्यशाळेचं.

या सामूहिकतेची पूर्वपीठिका कलाकार आंद्रिस ग्रीनबर्ग्सच्या कामात सापडते. 1972 मध्ये रीगाजवळच्या त्सार्निकावाच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याने ‘येशू ख्रिस्ताचा विवाह’ हा प्रयोग घडवला. वधू इंता, लग्न खरंखुरं, त्या दोघांचंच. वऱ्हाडी हीच पात्रं. दिग्दर्शकाच्या हुकमाने हलणारी ती गर्दी नव्हती. पेहराव, हावभाव, लाटांमधलं वावरणं यांत प्रत्येकाचा वाटा होता. टिपायला आलेले छायाचित्रकारही त्या मेळ्याचाच भाग झाले. आज तो विवाह आपल्यापर्यंत पोचतो, तो त्यांच्या चित्रांमधूनच.

छायाचित्र मात्र बाहेरून दिसतं तेवढंच सांगतं. दमलेले पाय, जुळलेली चाल, मधेच कोणी काढलेला विषय हे फक्त चालणाऱ्यालाच ठाऊक. बोइको 2002 मध्ये गेला, लेदिन्श 2004 मध्ये. त्यांची नावं कलेच्या इतिहासात पक्की झाली आहेत. सोबत चाललेल्यांच्या आठवणीही त्यांच्या हयातीतच तितक्याच आस्थेने नोंदवून घ्यायला हव्यात.