दर बदलला, प्रोग्रॅम तोच

२२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. तुपावरचा १२ वरून ५. वाळपईच्या बाजारातल्या दुकानातही त्या सकाळपासून बिल नव्या दराने निघायला हवं होतं. दराचा आकडा बिलाच्या प्रोग्रॅममध्येच ठिकठिकाणी लिहिलेला असेल, तर प्रोग्रामरला प्रत्येक जागा शोधावी लागते. एक सुटली की बिल चुकलं. तोच आकडा वेगळ्या सेटिंगमध्ये असेल, तर दुकानदार स्वतःच बदलतो.

पण जुना आकडा पुसून नवा लिहिला म्हणजे झालं, असं नाही. मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २० तारखेला विकलेला तुपाचा डबा गिऱ्हाइकाने २५ला परत आणला, तर हिशेब जुन्याच दराने व्हायला हवा. म्हणून दरासोबत तो कधीपासून लागू, ती तारीखही साठवायची आणि जुनी नोंद राहू द्यायची.

पासवर्डही कोडमध्ये नको. हेरोकू कंपनीच्या ॲडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या मार्गदर्शिकेत त्यासाठी सोपी कसोटी दिली आहे: तुमचा कोड या क्षणी सगळ्यांसाठी खुला केला, तर एखादं गुपित बाहेर पडेल का?