लायडारची काच मळली तर काय होतं?

स्वयंचलित गाडीच्या लेझर सेन्सरवर, म्हणजे लायडारवर, चिखल उडाला की सेन्सर आंधळा होतो आणि गाडी थांबते, अशी अनेकांची समजूत आहे. पण पूर्ण झाकला गेलेला सेन्सर ओळखणं तुलनेनं सोपं असतं. खरी काळजी अर्धवट मळलेल्या सेन्सरची. तो मोजमापं देत राहतो, फक्त त्याची नजर आखूड झालेली असते.

गैरसमज : थोड्याशा धुळीनं काय बिघडतं?

लेझरचा झोत काचेतून दोनदा जातो, एकदा बाहेर पडताना आणि एकदा वस्तूवर आपटून परत येताना. धुळीच्या थरातून 70 टक्के प्रकाश आरपार जातो असं धरा. परतताना पुन्हा तेवढीच गळती होते, म्हणजे हाती उरला 49 टक्के. समोर भिंत किंवा ट्रकची मागची बाजू असेल तर परत येणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. त्या हिशेबानं एरवी 200 मीटरवर दिसणारी गोष्ट आता 140 मीटरवर आल्यावरच दिसेल. ताशी 120 किलोमीटर वेगात मधले 60 मीटर दोन सेकंदांच्या आत संपतात. कुठेही बिघाड झालेला नाही, सेन्सर चालू आहे, आणि ब्रेक लावायला मिळणारा वेळ मात्र कमी झाला आहे.

गैरसमज : सेन्सरला काही दिसलं नाही, म्हणजे रस्ता मोकळा आहे.

लायडारच्या बाबतीत कठीण प्रश्न हाच. प्रकाश परत न येण्याची कारणं अनेक. समोर खरोखरच मोकळं आकाश असेल, ओल्या डांबरानं आरशासारखा झोत भलतीकडे वळवला असेल, समोरची काळी गाडी फारच कमी प्रकाश परतवत असेल, किंवा काचेवर चिखल असेल. म्हणून एकाच पुराव्यावर विसंबून चालत नाही.

पहिला पुरावा वेळेचा. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जातो. 60 मीटरवरच्या गाडीवरून तो परत यायला सुमारे 400 नॅनोसेकंद लागतात, काचेवरच्या चिखलावरून मात्र तो जवळपास त्याच क्षणी परततो. स्वच्छ काचही थोडा प्रकाश मागे फेकते, पण त्याचं प्रमाण ठरलेलं असतं. ते वाढलं की काचेवर काहीतरी बसलंय असा संशय घ्यायचा. धुक्यात हायबीम लावल्यावर डोळ्यांवर येते तशी ही चकाकी असते.

पण मेण किंवा तेलाचा पातळ पापुद्रा प्रकाश फारसा मागे फेकत नाही. पाण्याचा थेंब तर भिंगासारखा वागून झोताची दिशाच बदलतो. तिथे दुसरा पुरावा लागतो : समोरचा रस्ता ठरावीक कोनात, ठरावीक अंतरावर दिसायलाच हवा. कॅमेऱ्याला तो दिसतोय आणि लायडारच्या त्या कोनातले बिंदू मात्र बराच वेळ विरळ येतायत आणि रस्ता ओला नाही, तर दोष बहुधा काचेचा. पाऊस आणि घाण यांतला फरकही असाच कळतो. पावसाचे थेंब दर क्षणी वेगळ्या जागी सापडतात, डाग त्याच कोनात चिकटून राहतो.

गैरसमज : डोळ्यांना स्वच्छ दिसतंय ना, मग झालं.

गाड्यांमधले बहुतेक लायडार 905 किंवा 1550 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश वापरतात. तो आपल्याला दिसत नाही. काही सेन्सरची काच आपल्याला काळीकुट्ट दिसते, पण अवरक्त प्रकाशाला ती पारदर्शक असते. म्हणून तिच्यावरचा पातळ थर डोळ्यांनी जोखता येत नाही. लेझर घाण जाळून टाकेल हीही आशा नको. डोळ्यांना इजा होऊ नये एवढ्याच ताकदीचा तो असतो.

गैरसमज : वायपर बसवला की प्रश्न मिटला.

पाण्याचे फवारे, हवेचा झोत, तापणारी काच, छोटे वायपर हे सगळं वापरात आहे. फोर्डनं 2019 साली सांगितलं होतं की सेन्सरवर किडे आपटू नयेत म्हणून हवेचा पडदा करणारी रचना त्यांनी केली, आणि ती तपासायला सेन्सरवर किडे फेकणारं यंत्रही बनवलं. तरीही साफसफाई कधी ना कधी अपुरी पडणारच, आणि तेव्हा गाडी काय करते यावर सुरक्षितता ठरते. स्वयंचलित लेन-नियंत्रणाचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 157 तेच मागतो : सेन्सरचा पल्ला घटला तर यंत्रणेनं ते ओळखावं आणि वेग कमी करावा, सुरूच होऊ नये किंवा ताबा चालकाकडे द्यावा. या नियमानुसार डिसेंबर 2021 मध्ये जर्मनीत मंजुरी मिळालेल्या मर्सिडीजच्या यंत्रणेत लायडारच्या जोडीला चाकाच्या कमानीत रस्त्याची ओल ओळखणारा सेन्सरही आहे. लायडारला साथ देणारा असा वेगळा साक्षीदार हवाच, असं मला ठामपणे वाटतं.

भारतातल्या बहुतेक एडीएएस, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा असलेल्या, गाड्यांत लायडार नसून कॅमेरा आणि रडार असतात, पण घाणीचा धोका त्यांनाही आहे. आपल्या गाडीचे सेन्सर कुठे आहेत ते माहितीपुस्तिकेत बघून ठेवा. त्यांच्यावर स्टिकर, मेण किंवा फिल्म लावू नका. कोरड्या फडक्यानं घासू नका, आधी पाण्यानं माती भिजवा आणि मऊ कापडानं हलकेच पुसा. आणि सेन्सर झाकला गेल्याची सूचना आली, तर ती बंद करून पुढे जाऊ नका. सुरक्षित जागी थांबून सेन्सर पुसा.