पर्यावरणशास्त्राची पदवी घेतली, पुढे काय? प्रयोगशाळेबाहेरच्या दोन वाटा

पर्यावरणशास्त्र शिकलं की पाण्याचे नमुने तपासायचे, असा अनेकांचा समज असतो. पण तपासणीतून आलेला आकडा लोकांना समजावून सांगणं, हेही कामच आहे.

अनेक मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी मिळण्याआधी २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. तो सारांशच गावकऱ्यांना कळला नाही, तर ते हरकत कशावर घेणार? म्हणूनच विज्ञान कळणारी आणि सोप्या मराठीत लिहिणारी माणसं लागतात. वृत्तमाध्यमं, स्वयंसेवी संस्था आणि कंपन्यांचे शाश्वतता विभाग इथे अशी कामं असतात.

दुसरी वाट लोकसेवेची. यूपीएससी नागरी सेवा परीक्षेच्या पूर्व आणि मुख्य, दोन्ही टप्प्यांत पर्यावरणावर प्रश्न येतात. त्यामुळे या पदवीचा अभ्यास उपयोगी पडतो. मात्र मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयांत पर्यावरणशास्त्र नाही.

भारतीय वनसेवेसाठी पात्रतेच्या विषयांतही त्याचं नाव नाही. तिथे वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र अशांपैकी किमान एक विषय पदवीला असावा लागतो. वनसेवेचं स्वप्न असेल, तर प्रवेश घेतानाच विषयांची यादी तपासा. तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही.

आणि पदवीच्या काळातच लिहायला लागा. आपल्या नदीचा तपासणी अहवाल शेजाऱ्याला कळेल असा २०० शब्दांत मांडता आला, तर नोकरीसाठी दाखवायला पहिला नमुना तयार झाला.